लाट शमवणारे रान

कावेरीच्या मुखाशी मेलेले जंगल पुन्हा उभे राहिले. नुसती रोपे लावून ते झाले नाही. पिच्चावरम आणि मुत्तुपेट्टैच्या खारफुटीची ही कहाणी आपल्या कोकणालाही जवळची आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात नदीकाठी उभे राहिलात तर समोर नदी दिसेलच असे नाही. बऱ्याचदा दिसते ती वाळू, मधूनमधून डबकी आणि काठावर उगवलेले गवत. सगळ्यांचे लक्ष असते ते दूर मेट्टूरच्या धरणाकडे. धरणाची दारे १२ जूनला उघडायची, हा तिथला जुना परिपाठ. पाऊस दगा देतो त्या वर्षी ती तारीख चुकते आणि 'कुरुवै' नावाचे भाताचे पहिले पीकही चुकते. पाणी वेळेवर आले तर ऑगस्टच्या सुरुवातीला 'आडि पेरुक्कु'चा सण थाटात होतो. बायका-मुले डब्यात चित्रान्न घेऊन घाटावर येतात, नदीला हळदकुंकू वाहतात. आपल्याकडच्या नारळी पौर्णिमेची आठवण व्हावी, असा हा सोहळा.

या गावाला मराठी माणूस परका नाही. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि तिथले मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्यांच्याबरोबर गेलेली कुटुंबे तिकडचीच झाली. आज ती बाहेर तमिळ बोलतात आणि घरात वेगळ्या ठेवणीची मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव हे १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच.

आपली आजची गोष्ट मात्र दिवाणांची नाही. ती आहे या नदीचे पाणी जिथे संपते तिथल्या रानाची.

कावेरी एका धारेने समुद्राला मिळत नाही. तिरुचिरापल्लीजवळ ती फुटते. उत्तरेकडे कोळ्ळिडम वेगळी होते. पुढे चोळांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या कल्लणै बंधाऱ्यापाशी वेण्णारु वेगळी होते आणि मग शेकडो लहानमोठे फाटे भातखाचरांत शिरतात. मेलकावेरीवरून जाणारी मुख्य कावेरी पूंपुहारला समुद्र गाठते तेव्हा तिचा एक ओढाच उरलेला असतो. कोळ्ळिडमच्या मुखाजवळ आहे पिच्चावरमचे रान. दक्षिणेला, वेण्णारुच्या कोरैयारु, पामिनियारु वगैरे फाट्यांच्या टोकाशी आहे मुत्तुपेट्टैचे रान. दोन्ही राने खारफुटीची. मुत्तुपेट्टैचे क्षेत्र तमिळनाडूत सर्वांत मोठे, खाडी आणि चिखलवट धरून बारा हजार हेक्टरांच्या आसपास. पिच्चावरम त्यामानाने लहान, सुमारे ११०० हेक्टर, पण झाडांच्या जातींनी अधिक श्रीमंत.

खारफुटीला तमिळ भाषेत एक सुरेख नाव आहे, 'अलैयात्ति काडु'. अलै म्हणजे लाट. लाटेला शांत करणारे रान, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे या रानातल्या एका झाडाचे नाव आपल्याला ओळखीचे वाटेल. आपण ज्याला कांदळ म्हणतो त्याला तमिळ आणि मल्याळम भाषांत 'कंडल' म्हणतात. 'तिल्लै' नावाचे आणखी एक झाड इथे आहे. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर आंधळेपण येण्याची भीती असते. नटराजाच्या चिदंबरमचे जुने नाव तिल्लै ते याच झाडावरून. देवळाच्या आसपासचे तिल्लै वन केव्हाच संपले. ते झाड पाहायचे तर आता पिच्चावरमला जावे लागते.

पिच्चावरमला पर्यटक जातात ते नावेतून फिरायला. पाण्याच्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंनी वाकलेली झाडे, मुळांच्या कमानी. एम. जी. रामचंद्रन यांच्या १९७५च्या 'इदयक्कनी' या चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाले आणि तेव्हापासून हे ठिकाण तमिळ प्रेक्षकांच्या मनात बसले. पण त्याच सुमारास या पाणवाटांपासून जरा आत गेले की रानाच्या मधोमध उजाड, पांढरट पट्टे पडलेले होते.

रान कुणी मारले?

सरकारदरबारी याचे उत्तर ठरलेले होते. गावकरी लाकूड तोडतात, गुरे चारतात, म्हणून जंगल संपले. वनखात्याच्या नजरेत खारफुटीत शिरणारा प्रत्येक कोळी हा चोरच.

खरा इतिहास वेगळा होता. ब्रिटिश अमदानीत या रानाचे तुकडे पाडून एकेक तुकडा पाळीपाळीने मुळापर्यंत तोडण्याची पद्धत सुरू झाली. तोडलेले रान आपोआप वाढेल, काही वर्षांनी पुन्हा तोडता येईल, हा हिशेब. डोंगरावरच्या काही रानांत तो चालतोही. स्वातंत्र्यानंतरही काही दशके ही पद्धत चालू राहिली.

मुत्तुपेट्टैच्या रानाचा तर थेट तंजावरच्या मराठ्यांशी संबंध लागतो. भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे उभारली होती. सरफोजीराजांच्या काळातले ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. राज्य गेले, छत्रांचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालच्या 'छत्रम खात्या'कडे आला आणि मुत्तुपेट्टैची खारफुटीही १९१२ पर्यंत याच खात्याच्या ताब्यात होती. पुढेही काही वर्षे तिच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा छत्रांकडे जात असे. वाटसरूच्या पानात पडलेल्या भाताचा खर्च काही अंशी खारफुटी विकून निघत होता! पुण्यकर्मच ते. झाडांना कोण विचारतो?

तोडलेले रान परत का वाढले नाही, हे समजून घ्यायला कोकणातल्या माणसाला वेळ लागणार नाही, कारण त्याने मिठागर पाहिलेले असते. झाडे गेल्यावर चिखलावर ऊन थेट पडू लागले. चिखल सुकला, खचला आणि जमीन मधोमध परातीसारखी खोलगट झाली. भरतीचे पाणी त्या परातीत शिरे, पण ओहोटीला बाहेर पडत नसे. तिथेच साचायचे, तापायचे, आटायचे. मीठ मागे राहायचे. मिठागरात आपण जे मुद्दाम बांध घालून करतो, ते तिथे आपोआप होत गेले. खारफुटीला खारे पाणी चालते हे खरे. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात, इतके ते मीठ बाहेर टाकते. पण त्यालाही मर्यादा आहे. समुद्राच्या कितीतरी पट खारट झालेल्या चिखलात तिवराचे बीसुद्धा रुजत नाही.

त्यात भर म्हणजे या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. मुंबईला हाच फरक मोठ्या भरतीच्या दिवशी चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे समुद्र दिवसातून दोनदा खाडी धुऊन काढतो. तिकडे वीतभर उंचवटादेखील पाणी अडवायला पुरतो.

अशा जागी वनखात्याने किंवा आणखी कुणी कितीही रोपे लावली असती तरी ती मेली असती.

डॉक्टरांचा मुलगा

इथे कुंभकोणमचा धागा पुन्हा हाती येतो. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी कुंभकोणमला झाला. त्यांचे वडील डॉ. एम. के. सांबशिवन तिथले शल्यविशारद आणि गांधीजींचे अनुयायी. कुंभकोणममध्ये तेव्हा हत्तीरोग घरोघरी होता आणि तो पसरवणारे डास साचलेल्या पाण्यात वाढत. डॉक्टरांनी नुसती औषधे देऊन भागवले नाही. त्यांनी गावातल्या लोकांना बरोबर घेऊन डासांची पैदास होणाऱ्या जागा साफ करवल्या. स्वामिनाथन अकरा वर्षांचे असताना वडील वारले. पण गाव एकत्र आला तर अशक्य वाटणारे काम होते, हे आपण वडिलांकडून शिकलो, असे ते पुढे आवर्जून सांगत.

स्वामिनाथन यांना हरितक्रांतीचे शिल्पकार म्हणून सगळे ओळखतात. १९८७ साली त्यांना पहिला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून त्यांनी १९८८ मध्ये चेन्नईला संशोधन प्रतिष्ठान काढले. गहू-तांदळाचा माणूस खारफुटीकडे कसा वळला? समुद्राची पातळी वाढू लागली तर किनाऱ्यावरच्या भातशेतीत खारे पाणी शिरणार, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. खारे पाणी सोसणारे झाड कोणते, तर तिवर. त्याच्यातला तो गुण भातात आणता येईल का, या दिशेने प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत काम सुरू झाले. पण ज्या रानातून तो गुण घ्यायचा ते रानच मरत होते.

१९९०च्या दशकात प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत डॉ. व्ही. सेल्वम प्रमुख होते, पिच्चावरममध्ये उजाड पट्ट्यांची उंचसखल मापे घेतली, चिखलातले मीठ मोजले आणि दोष कुणाचा ते दाखवून दिले. उपाय ऐकायला अगदी साधा आहे. जिवंत पाणवाटेपासून उजाड परातीपर्यंत एक मोठा चर खणायचा. त्या चराला दोन्ही बाजूंनी तिरके लहान चर काढायचे. वरून पाहिले तर माशाच्या काट्यासारखी रचना दिसते. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला बाहेर जाते आणि जाताना मीठ घेऊन जाते. एक-दोन पावसाळे गेले की चिखल निवळतो. मग चराच्या उतारावर, भरतीचे पाणी जेमतेम भिजवील अशा उंचीवर तिवराची रोपे लावायची. ती धरली की पुढचे बी पाणीच वाहून आणते.

मापे मात्र काटेकोर हवीत. चराचा तळ थोडा चुकला तरी पाणी पुन्हा साचते आणि मजुरी फुकट जाते.

खणणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. भारत-कॅनडा पर्यावरण निधीचे पैसे आले, वनखात्याने परवानगी दिली आणि गावागावांत समित्या स्थापन झाल्या. समितीवर घरटी एक बाई आणि एक पुरुष, असा दंडक. कामाला माणसे गावातलीच लागली. काल ज्यांना चोर म्हटले जात होते तेच आता चिखलात कंबरभर उभे राहून चर खणत होते आणि लावलेल्या रोपांत गुरे शिरू नयेत म्हणून राखण करत होते.

समित्यांची कामेही जंगलापुरती नव्हती. पिच्चावरमच्या कडेला एमजीआर नगर नावाची वस्ती आहे. तिथे इरुळर आदिवासी राहतात. जाळी-नाव घेण्याची ऐपत नसल्याने पाण्यात बसून, हातांनी चाचपून ते मासे आणि कोळंबी धरत. आदिवासी असल्याचा दाखला नसल्याने सरकारी सवलतींपासून ते दूर होते. तो दाखला मिळवणे हेही जंगलाच्या प्रकल्पाचे काम ठरले. काही वाचकांना हे विषयांतर वाटेल. पण ज्याच्या पोराला शाळा नाही आणि ज्याच्या झोपडीला कागद नाही, त्याने वीस वर्षांनी वाढणाऱ्या झाडाची राखण का करावी?

१९८६ आणि २००२ची उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा पिच्चावरमचे हिरवे क्षेत्र जवळजवळ ९० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांत मिळून याच पद्धतीने चौदाशे हेक्टरांहून अधिक खारफुटी पुन्हा उभी राहिली.

त्या रविवारची सकाळ

२६ डिसेंबर २००४. नाताळ नुकताच झालेला, सुटीचा रविवार. सुनामीच्या लाटा कडलूर आणि नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर आदळल्या. नागपट्टिणम जिल्ह्यात हजारो माणसे गेली.

पिच्चावरमच्या खारफुटीच्या मागे वसलेल्या गावांत मात्र हानी पुष्कळच कमी झाली. देशोदेशींच्या संशोधकांनी कडलूरच्या किनाऱ्याची पाहणी केली. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. झाडांच्या मागची गावे आणि उघड्या किनाऱ्यावरची गावे यांच्या नुकसानीत मोठा फरक होता. पुढे काही अभ्यासकांनी आक्षेपही घेतला. खारफुटीमागची गावे समुद्रापासून दूर आणि जरा उंचावर होती, त्याचाही परिणाम धरायला हवा, असे त्यांचे म्हणणे. ते रास्तच आहे. खारफुटी म्हणजे काही काँक्रीटची भिंत नव्हे. तरीही 'लाट शमवणारे रान' हे नाव पूर्वजांनी उगाच ठेवले नसावे, एवढे म्हणायला हरकत नाही.

त्याच किनाऱ्यावर, वेदारण्यमजवळ, नालुवेदपती नावाचे गाव आहे. त्याची कथा मोठी रंजक आहे. २००२ साली या गावकऱ्यांनी एका दिवसात ८०,२४४ रोपे लावली आणि गिनेस बुकात नाव नोंदवले. उद्देश विक्रमाचा. समुद्रकाठी सुरूच्या झाडांचा दाट पट्टा तयार झाला. दोनच वर्षांनी सुनामी आली आणि आसपासची गावे उद्ध्वस्त होत असताना या गावाचे नुकसान त्यामानाने थोडे झाले. विक्रमासाठी लावलेल्या झाडांनी गाव वाचवला.

ही गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल, चला, आपणही लावू या झाडे. सुनामीनंतर नेमके हेच झाले. साऱ्या आशियाच्या किनाऱ्यावर मदतीचा पैसा, स्वयंसेवक आणि रोपांच्या गाड्या येऊन पोचल्या. पण नालुवेदपतीचे सुरू कोरड्या वाळूवर वाढले होते. तो मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा वृक्ष. तो लावणे म्हणजे हरवलेले जंगल परत आणणे नव्हे. खारफुटीला तर जागेची आणि पाण्याच्या पातळीची अट फार कडक असते. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, श्रीलंकेत, सुनामीनंतर खारफुटी लावलेल्या २३ ठिकाणांची संशोधकांनी नंतर पाहणी केली. ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. फिलिपाइन्समध्ये तर कित्येक वर्षे मोठा खर्च करून रोपे लावली गेली आणि त्यांतली दहा-वीस टक्केच शेवटपर्यंत जगली. सोयीचे म्हणून उघड्या चिखलावर, जिथे खारफुटी कधीच नव्हती अशा जागी, कांदळाच्या शेंगा टोचल्या होत्या. त्या टोचायला सोप्या असतात. शाळेतली मुलेही करू शकतात. छायाचित्र चांगले येते.

कंपन्यांचा पैसा

आपल्याकडे १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. पर्यावरण हे त्या कामांच्या यादीत आहे. तेव्हापासून पावसाळ्यात डोंगरावर रंगीत टोप्या घालून रोपे लावणारे कचेरीतले तरुण-तरुणी दिसू लागले. त्यांच्या उत्साहाची चेष्टा करण्याचा माझा विचार नाही. रविवारची झोप मोडून चिखलात उतरणारा माणूस मला घरी बसून पाऊस पाहणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो. अडचण आहे ती हिशेबाची. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते, अहवालात आकडा द्यायचा असतो आणि आकडा देता येतो तो लावलेल्या रोपांचा. मापे घेणे, चर खणणे, गावाशी वर्षभर बोलणी करणे, याचा आकडा काय द्यायचा?

तरी काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात कल्लेन पोक्कुडन नावाचे गृहस्थ होते. दलित शेतमजूर, शिक्षण बेताचे. १९८९ साली त्यांनी पळयंगाडीच्या नदीकाठी ५०० खारफुटीची रोपे लावली. बांधावरून शाळेत जाणाऱ्या मुलांना वारा लागू नये आणि बांध खचू नये, हा त्यांचा हेतू. लोक हसले. पुढे त्यांनी लाखावर झाडे लावली आणि सारे केरळ त्यांना 'कंडल पोक्कुडन' म्हणू लागले. २०१५ साली ते वारले. कुठे काय रुजते हे पोक्कुडनना रोज पाण्यात उतरून कळले होते. त्याच कण्णूरमध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने अपोलो टायर्सच्या साहाय्याने खारफुटी राखण्याचा प्रकल्प चालवला. त्यात रोपवाटिका होती, शाळांसाठी माहिती केंद्र होते आणि शिल्लक राहिलेली खारफुटी टिकवण्यावर भर होता.

आणि मुंबईकरांनी रोज लोकलमधून जाताना विक्रोळीकडे एक नजर टाकावी. पिरोजशा गोदरेज यांनी १९४०च्या दशकात विक्रोळीची जमीन घेतली. तिच्यात खाडीकाठची खारफुटीही आली. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे, हे सांगायला नको. भराव टाकून त्यावर काय काय उभे करता आले असते! खारफुटी मात्र राहिली आणि १९८०च्या दशकापासून तिच्या संशोधनासाठी आणि संवर्धनासाठी स्वतंत्र व्यवस्थाही झाली. एखाद्या उद्योगाने जंगलासाठी काय करावे, याचे हे मला सर्वांत पटणारे उत्तर आहे: आहे ते तोडू नये.

ज्यांना हे आपण होऊन सुचले नाही त्यांच्यासाठी न्यायालय आहे. २६ जुलै २००५च्या महापुरात मुंबईने खाड्या बुजवण्याची किंमत मोजली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून खारफुटी दाखवू लागल्या. ज्या खाडीत आजवर तिसऱ्या वेचायला उतरायचे, तिथे त्याच बायका कांदळ कुठला आणि चिप्पी कुठली ते सांगू लागल्या.

चार टीएमसी

मेलकावेरीकडे परत येऊ. पिच्चावरमला चर खणून भरतीचे पाणी खेळते केले. पण खारफुटीला समुद्राइतकीच नदीही लागते. खाऱ्यात गोडे मिसळले तरच जातींची विविधता टिकते. मुत्तुपेट्टैला नदीचे पाणी पोचते ते मुख्यत्वे ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबरपासून दोन-तीन महिने. त्यामुळे तिथे आज जवळजवळ सगळे रान एकट्या तिवराचे आहे, कारण इतके मीठ फक्त तोच सोसतो.

कावेरीचे पाणी किती वादाचे आहे, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचतो. लवादाने २००७ साली अंतिम निवाडा दिला तेव्हा ७४० टीएमसी पाण्याची वाटणी झाली. तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७. पर्यावरणासाठी १० टीएमसी ठेवले आणि ४ टीएमसी समुद्रात 'टाळता न येण्याजोगे' वाहून जाणार म्हणून धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दोन मोठ्या राज्यांचे आकडे थोडे बदलले. समुद्राला मिळणारे पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, ही समजूत बदलली नाही. मेट्टूर भरून वाहू लागले आणि कोळ्ळिडममधून पूर समुद्राकडे निघाला की दरवेळी हळहळ व्यक्त होते. शेतकऱ्याची हळहळ मला समजते. त्याचे खाचर कोरडे असते. पण त्या 'वाया' गेलेल्या पाण्यावर खाली कोळंबी वाढत असते आणि तिच्यावर इरुळरांची चूल पेटते.

१६ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमच्या किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टैकडच्या नारळीबागा आडव्या झाल्या आणि मुत्तुपेट्टैचे तिवरही मोठ्या प्रमाणावर मोडले. पुन्हा रोपे लावणे आले. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये हरित अभियान सुरू केले, केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात खारफुटीसाठी 'मिष्टी' योजना जाहीर केली. पिच्चावरमला २०२२ मध्येच रामसर यादीत जागा मिळाली. स्वामिनाथन २०२३ च्या सप्टेंबरात गेले, २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले आणि २०२५ मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली.

एक गोष्ट मात्र योजनांच्या कागदावर फारशी दिसत नाही. खणलेले चर कायमचे टिकत नाहीत. पावसाळ्यात गाळ येतो, काठ ढासळतात आणि काही वर्षांत तोंड बुजते. वेळीच गाळ उपसला नाही तर पाणी पुन्हा आत अडकते, आणि आतली परात पुन्हा पांढरी पडू लागते. रोपे लावायला पैसे देणारे मिळतात. गाळ उपसायला कोण देणार? त्या दिवशी लावायला फलकही नसतो.

मुत्तुपेट्टैच्या कोळ्यांमध्ये खारफुटीत स्वतःचे चर खणून मासे धरण्याची जुनी रीत आहे. भरतीबरोबर मासा चरात शिरतो, ओहोटीला तोंडाशी जाळे लावायचे. या चरांच्या दोन्ही काठांना तिवर दाट वाढलेले असते. कुणी ते लावलेले नसते. गाळ साचला की चरात मासा येत नाही, म्हणून कोळी आपापल्या चरात फावडी घेऊन उतरतात.